‘मॅडम, तुम्हीच तपासा की!’ : ऑनलाइन फाइल, मित्रांचा अभिप्राय आणि विद्यार्थ्यांचं म्हणणं

निबंध असो, प्रकल्पाचा अहवाल असो की नुसता अर्ज, लिहून झाल्यावर “आता एकमेकांचं वाचा आणि काय सुधारायचं ते सांगा” असं म्हटलं की कोल्हापुरातल्या वर्गातून ठरलेलं उत्तर येतं : “मॅडम, तुम्हीच तपासा की. ह्याला काय कळतंय?” हा ‘ह्याला’ शेजारच्याच बाकावर बसलेला असतो आणि त्याची काही हरकतही नसते. आपल्याला यातलं कळत नाही हे त्यानं आधीच मान्य करून टाकलेलं असतं.

वर्गमित्रानं वर्गमित्राचं लेखन वाचून त्यावर मत देणं, याला शिक्षणशास्त्रात पीअर फीडबॅक म्हणतात. पूर्वी हे काम वह्या बदलून, पेन्सिलीनं चालायचं. कोरोनानंतर ते बऱ्याच ठिकाणी गुगल डॉकसारख्या सामायिक ऑनलाइन फाइलवर आलं. फाइल एकच, तिची लिंक गटातल्या चौघांकडे. चौघंही आपापल्या मोबाइलवरून त्यात लिहिणार, खोडणार, समासात शेरे मारणार. विद्यार्थ्यांना हे कसं वाटतं यावर जगभरात बरंच संशोधन झालंय, आणि त्यातले निष्कर्ष आपल्या पोरापोरींच्या तोंडच्या वाक्यांशी इतके जुळतात की गंमत वाटते. एका बाबतीत मात्र विद्यार्थ्यांचं मत एकीकडे आणि संशोधन भलतीकडे आहे. तिकडे येऊच. आधी ही फाइल आतून चालते कशी ते बघू, कारण मुलांची पहिली धास्ती तिथलीच असते : “दोघांनी एकदम लिहिलं तर माझं पुसलं जाणार नाही ना?”

एका वाक्यात दोघांचे हात

नाही जात. का जात नाही, ते समजून घेण्यासारखं आहे.

समजा फाइलमध्ये एकच वाक्य आहे : ‘पंचगंगा प्रदूषित आहे’. संगणकाच्या लेखी ही एक खुणांची रांग. अक्षर ही एक खूण, काना-मात्रा वेगळी खूण, अनुस्वार वेगळा, मोकळी जागासुद्धा एक खूण. ‘पंचगंगा’ या शब्दात अशा ७ खुणा आहेत : प, अनुस्वार, च, ग, परत अनुस्वार, ग आणि काना. आठवी मोकळी जागा. आता एका मुलीला वाटलं, ‘प्रदूषित’च्या आधी ‘फार’ हवं. तिच्या मोबाइलनं सर्व्हरला, म्हणजे फाइल जिथं साठवलेली असते त्या दूरच्या संगणकाला, निरोप धाडला, ‘आठव्या खुणेनंतर फार घाल’. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्यानं वाक्याच्या सुरुवातीला ‘आपली’ घातलं. चार खुणा आणि एक मोकळी जागा, एकूण पाच. त्याचा निरोप आधी पोचला. सगळं वाक्य पाच घरं पुढं सरकलं, पण तिचा निरोप अजून ‘आठव्या खुणेनंतर’ असंच म्हणतोय. तो जसाच्या तसा पाळला तर वाक्य होईल : ‘आपली पंचफार गंगा प्रदूषित आहे’.

सर्व्हर तसं करत नाही. तिच्या निरोपाआधी दुसऱ्या कुणाचा निरोप लागू झालाय हे तो बघतो, आठात पाच मिळवतो आणि ‘फार’ तेराव्या खुणेनंतर घालतो. वाक्य होतं : ‘आपली पंचगंगा फार प्रदूषित आहे’. दोघांचंही राहिलं, दोघांच्याही पडद्यावर तेच वाक्य. या युक्तीला ऑपरेशनल ट्रान्स्फॉर्मेशन म्हणतात. एलिस आणि गिब्ज या दोन संगणकशास्त्रज्ञांनी ती १९८९ साली मांडली. गुगलनं २००६ मध्ये रायटली नावाचं वेबवर चालणारं लेखनाचं साधन विकत घेतलं, त्यातून पुढे गुगल डॉक उभं राहिलं; आणि समोरच्यानं टाइप केलेलं अक्षर न अक्षर त्याच क्षणी दिसायला लागलं ते २०१० पासून.

अर्थात हे यंत्र जागा सांभाळतं, अर्थ सांभाळत नाही. दोघांना एकच चूक दिसली आणि दोघांनी ती एकाच क्षणी दुरुस्त केली, तर दुरुस्ती दोनदा उमटते. मुलं यावर खदाखदा हसतात, पण त्यानंतर ‘मी पहिला परिच्छेद बघतो, तू दुसरा बघ’ अशी वाटणी आपसूक होते. आणि कुणी सगळा मजकूर निवडून चुकून उडवलाच, तर फाइलची जुनी प्रत व्हर्जन हिस्टरीमध्ये तारीख-वेळेसह असतेच. ही सोय पहिल्याच तासाला दाखवावी. निम्मी भीती तिथं संपते.

‘मी त्याचं सुधारलं, त्यानं माझं बिघडवलं’

उरलेली निम्मी भीती पुसलं जाण्याची नसतेच. आपल्या लेखनाला दुसऱ्याचा हात लागण्याची असते.

इस्रायलच्या मुक्त विद्यापीठातले इना ब्लाऊ आणि अवनेर कॅस्पी यांनी २००९ साली गुगल डॉक वापरून हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या मसुद्यात थेट बदल केले, काहींनी नुसत्या सूचना दिल्या. विद्यार्थ्यांचा कल असा दिसला की आपण दुसऱ्याचा मसुदा सुधारू शकतो, पण दुसऱ्याच्या हातून आपला मसुदा बिघडण्याचा धोका आहे. थेट बदलापेक्षा सूचना बरी, असंही त्यांच्या उत्तरांतून निघालं. रंकाळ्यावर भेळ खाता खाता आपली पोरं याच विषयावर बोलली तर वेगळं काही बोलणार नाहीत.

म्हणून फाइलची लिंक पाठवताना कुठला अधिकार द्यायचा हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. तीन पर्याय असतात : फक्त बघा, शेरा लिहा, किंवा थेट बदला. सवयीनं सगळेच तिसरा पर्याय देतात आणि मग रुसवेफुगवे सुरू होतात. माझ्या मते मित्रांच्या अभिप्रायासाठी दुसराच पर्याय योग्य. त्यात समोरच्याला समासात कमेंट लिहिता येते, आणि मजकुरात बदल केला तरी तो ‘सुचवलेला बदल’ म्हणून वेगळ्या रंगात दिसतो. मूळ ओळ जागेवर राहते; लेखकानं बरोबरची खूण दाबली तर बदल पक्का होतो, फुलीवर दाबलं तर जातो. गुगल डॉकमध्ये ही सोय २०१४ मध्ये आली. शेवटचा शब्द ज्यानं लिहिलं त्याचा, एवढी खात्री मिळाली की मुलं मसुदा दाखवायला कमी कचरतात.

मुलांना नक्की हवंय तरी काय?

१९९५ साली झांग या संशोधकानं इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या ८१ विद्यार्थ्यांना विचारलं : शिक्षकांचा अभिप्राय हवा की इतरांचा? ९४ टक्के म्हणाले, शिक्षकांचा. झालं, पीअर फीडबॅकचा निकाल लागला असं अनेकांना वाटलं. तीन वर्षांनी जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाँगकाँग आणि तैवानमधल्या १२१ विद्यार्थ्यांना प्रश्न जरा फिरवून विचारला : तुम्हाला मिळणाऱ्या अभिप्रायांमध्ये वर्गमित्रांचाही अभिप्राय असावा का? ९३ टक्के म्हणाले, असावा.

दोन्ही आकडे एकमेकांना खोडत नाहीत. ‘मॅडम की मित्र’ असं विचारलं तर मॅडम. ‘मॅडम आणि मित्र’ असं विचारलं तर दोघंही. आपल्या वर्गातलं ‘तुम्हीच तपासा की’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मित्राचं वाचन झालं म्हणून मॅडम आता वाचणार नाहीत, असं मुलांना वाटतं आणि ती विरोध करतात. (कधी कधी मॅडमचा डावही तोच असतो. साठ-सत्तर मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या माणसाला मी त्याबद्दल फार दोष देणार नाही.)

दुसरी अडचण भिडेची. कार्सन आणि नेल्सन यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. गटातले संबंध बिघडू नयेत म्हणून ते मनात आलेली टीका बोलतच नव्हते. आता कोल्हापूरकर भिडस्त, असं कुणी म्हणणार नाही. तोंडावर आपण काहीही बोलू, बिंदू चौकात उभं राहून बोलू. पण लिहून, खाली आपलं नाव लावून, गटातल्या सगळ्यांना दिसेल असं म्हटलं की गाडी अडते. “बोलायचं ते कट्ट्यावर बोलतो की मॅडम, लिहिलं तर कायमचं राहतं,” हे वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतं. ऑनलाइन फाइलनं ही भीड कमी होत नाही, उलट वाढते, कारण वहीवरचा पेन्सिलीचा शेरा एकटा लेखक वाचायचा.

मग नाव लपवावं का? लू आणि बोल यांनी २००७ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं. नाव न कळता अभिप्राय देणाऱ्या गटानं जास्त टीका केली, आणि त्या गटाचं लेखनही दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरलं. गुगल डॉकमध्येही लिंक सगळ्यांसाठी खुली ठेवली तर खात्यात न शिरता आलेला माणूस कुठल्यातरी ‘अनामिक’ प्राण्याच्या रूपात दिसतो. पण चौघांच्या गटात हे सोंग टिकत नाही. समासात कुणी ‘नाद खुळा’ लिहिलंय एवढ्यावरून पोरं माणूस ओळखतात. शिवाय लिंक खुली ठेवणं म्हणजे ती कुठं कुठं फिरेल याचा भरवसा नाही. नाव लपवायचंच असेल तर दुसऱ्या तुकडीचे मसुदे द्यावेत आणि वर नावाऐवजी क्रमांक टाकावा. कष्ट शिक्षकाला पडतात, पण चालतं.

‘छान’, ‘भारी’, आणि तिसरी कमेंट

मुलांची सगळ्यात रास्त तक्रार वेगळीच आहे : “कमेंट येतात, पण त्यांचं करायचं काय?”

एका मसुद्यातल्या ओळी बघा. ‘२०१९ साली कोल्हापुरात महापूर आला. लोकांचे खूप हाल झाले. सर्वत्र पाणीच पाणी होते.’ यावर पहिली कमेंट : ‘छान लिहिलंयस भावा.’ दुसरी : ‘महापुर नाही, महापूर.’ (मसुद्यात दीर्घच होतं. कमेंट लिहिणारीनं नजर टाकून खाली आपली हजेरी लावली होती.) तिसरी : ‘राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांवर धोका पातळी असते. त्या वर्षी पाणी पन्नासच्या वर गेलेलं. सर्वत्र म्हणजे तुमच्या गल्लीत कुठवर? तू तेव्हा कुठं होतास?’

या तिसऱ्या कमेंटनंतर मसुद्यात नवी ओळ आली : ‘शाहूपुरीत आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलं, तेव्हा आईनं आधी गॅसची टाकी वर नेली आणि मग मला.’ निबंध इथून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

तिसरी कमेंट करणारा व्याकरणात हुशार नव्हता. त्याला फक्त पुढचं जाणून घ्यायचं होतं. हे काम मित्र शिक्षकापेक्षा चांगलं करू शकतो, कारण शिक्षकाला चुकाच आधी दिसतात. ती आमची खोड आहे. मुलांना मात्र वाटतं, अभिप्राय म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ काढणं, आणि ते आपल्याला येत नाही म्हणजे अभिप्राय देण्याची आपली लायकी नाही. हा गैरसमज शाळेपासूनच्या लाल पेनानं घातलेला आहे. त्यावर इलाज साधा : ‘अभिप्राय द्या’ असं मोघम सांगायचंच नाही. ‘वाचताना कुठं अडलास, तिथं कमेंट टाक. आणखी काय कळायला हवं होतं, ते विचार’ एवढे दोनच प्रश्न द्यायचे. शुद्धलेखनाला या फेरीत हात लावायचा नाही, ती फेरी शेवटी.

फायदा कुणाचा?

आता ती संशोधनाच्या उलट जाणारी गोष्ट. कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, यात फायदा कुणाचा? तो म्हणेल, ज्याला अभिप्राय मिळाला त्याचा. “माझा तास त्याचा लेख वाचण्यात गेला, मला काय मिळालं?”

२००९ मध्ये लुंडस्ट्रॉम आणि बेकर या दोघींनी अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या इंग्रजी केंद्रात नऊ वर्गांतल्या ९१ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काही वर्गांनी सत्रभर फक्त अभिप्राय द्यायचा, स्वतः घ्यायचा नाही. उरलेल्या वर्गांनी फक्त आलेला अभिप्राय वापरून मसुदा सुधारायला शिकायचं, द्यायचा नाही. सत्राच्या शेवटी सगळ्यांचं लेखन तपासलं. स्वतःच्या लेखनात जास्त प्रगती झाली ती देणाऱ्यांची. आणि हा फरक भाषा कच्ची असलेल्या मुलांमध्ये जास्त ठळक होता, म्हणजे ‘ह्याला काय कळतंय’ असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, नेमका त्याचाच फायदा अधिक.

आपल्या गावात हे समजावणं अवघड जाऊ नये. गंगावेशीच्या तालमीत वस्ताद डाव दाखवतो, पण तो अंगात उतरतो रोज जोडीबरोबर लढताना. समोरच्याचा पाय कुठं चुकला हे ज्याला दिसायला लागतं, त्याचा स्वतःचा पाय आपोआप सावरतो. लेखनात नेमकं काय घडतं? स्वतःचा मसुदा वाचताना आपण डोक्यातलं वाचतो, कागदावरचं नाही. जे लिहायचं राहिलं तेही आपल्याला दिसत असतं. परक्याच्या मसुद्यात ही सोय नाही. तिथं पोकळी पोकळीसारखीच दिसते. आणि ‘इथं काहीतरी चुकतंय’ एवढ्यावर भागत नाही, काय चुकतंय ते शब्दांत मांडावं लागतं. ‘सर्वत्र म्हणजे कुठवर?’ असं दुसऱ्याला विचारलेला मुलगा आपल्या पुढच्या लेखात ‘सर्वत्र’ लिहिताना थबकतोच.

म्हणून गटाची वाटणी करताना ‘हुशार मुलानं कच्च्याला मदत करावी’ हा हिशेब मला पटत नाही. कच्च्या मुलाला वाचायला मसुदे जास्त द्यावेत, कमी नव्हे.

मोबाइल, रेंज आणि फॉन्ट

कागदोपत्री सगळं सोपं वाटतं, पण बहुतेक मुलांकडे लॅपटॉप नसतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर शब्द निवडा, बोटानं दाबून धरा, मग कमेंटचा पर्याय शोधा, यात पोरं कंटाळतात. त्यातून मराठीतली खास अडचण : ‘सुचवलेला बदल’ म्हणून एखादी वेलांटी तेवढी बदलायला गेलं की खोडलेली आणि नवी अशा दोन्ही वेलांट्या एकाच अक्षराला लोंबकळतात आणि शब्द ओळखू येत नाही. त्यापेक्षा अख्खा शब्द खोडून नव्यानं लिहावा. टायपिंगचा कंटाळा असेल तर जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या कीबोर्डवर, माइक दाबून मराठीत बोलावं, बरंचसं बरोबर उमटतं.

डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर फाइलमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. त्या फॉन्टमधलं ‘क’ हे संगणकाच्या लेखी इंग्रजीतलंच कुठलंतरी चिन्ह असतं, त्याला फक्त मराठी मुखवटा चढवलेला. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःची वेगळी ओळख देणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो.

राधानगरी, गगनबावड्याकडून एसटीनं येणाऱ्या मुलांचं म्हणणं वेगळंच. शहरातली मुलं ‘रात्री नऊला सगळे ऑनलाइन या’ असं ठरवतात आणि यांच्याकडे नऊला रेंज नसते. पण याच मुलांना ऑनलाइन फाइल जास्त आवडते, कारण शेवटच्या गाडीसाठी तास बुडवून पळावं लागलं तरी त्यांचा अभिप्राय बुडत नाही. फाइल आधी ऑफलाइनसाठी निवडून ठेवली की प्रवासात वाचता-लिहिता येते आणि रेंज आली की बदल आपोआप वर चढतात. त्यामुळे एकाच वेळी सगळ्यांनी जमण्याचा आग्रह सोडून दोन दिवसांची मुदत द्यावी. एकाच वेळी लिहिण्याचं ते कौतुकाचं तंत्र अभिप्रायासाठी फारसं लागतच नाही.

गुण द्यायचे का?

कुणी किती लिहिलं हे व्हर्जन हिस्टरीत नावानिशी दिसतं. गटातल्या एकट्यानं सगळं ओढायचं आणि गुण चौघांनी घ्यायचे, या जुन्या दुखण्यावर हा चांगला पुरावा आहे, आणि राबणाऱ्या मुलांना तो मनापासून आवडतो. पण शिक्षकानं कमेंट मोजून गुण द्यायला सुरुवात केली, की दुसऱ्या दिवशी प्रत्येक ओळीला ‘छान’ चिकटलेलं दिसतं. मोजायचंच असेल तर कमेंटला दिलेलं उत्तर बघावं. डॉकमध्ये कमेंट ‘रिझॉल्व्ह’ केली की ती समासातून नाहीशी होते, आणि मुलं न वाचताच ते बटण दाबत सुटतात. त्याआधी एका ओळीत लिहायला लावावं : सूचना घेतली की नाही, आणि का.

चीनमधल्या एका विद्यापीठात यांग, बॅजर आणि यू यांनी २००६ साली पाहिलं ते असं : विद्यार्थी शिक्षकांच्या सूचना जास्त स्वीकारतात आणि त्यातून सुधारणाही जास्त होते; पण मित्राच्या सूचनेमुळे ते स्वतःच्या डोक्यानं जास्त चालतात. मॅडमशी कोण वाद घालणार? मित्राशी घालता येतो. प्रयाग चिखलीच्या पुरावर लिहिणाऱ्या एका मुलीला मैत्रिणीनं सुचवलं, ‘शेवटी सरकारने उपाययोजना कराव्यात असं टाक, निबंध पूर्ण वाटेल.’ तिनं खाली उत्तर लिहिलं : ‘नाही घेत. हा निबंध आमच्या म्हशींचा आहे, सरकारचा नाही.’ हीच सूचना माझ्याकडून गेली असती तर तिनं ती निमूट घातली असती.

असं नाकारता यावं म्हणून आणखी एक व्यवस्था लागते. फाइल विद्यार्थ्यानंच आपल्या खात्यात तयार करावी आणि शिक्षकासकट सगळ्यांना कमेंटपुरताच अधिकार द्यावा. शिक्षकानं फाइल काढून मुलांना आत बोलावलं, तर मालक शिक्षकच राहतो, आणि फुलीचं बटण दाबताना मुलांचं बोट थांबतं.